पडदा उघडलाच नाही, मग चाली कुणाच्या?

*(पत्र मोठं होतं, थोडं आवरून छापतो आहोत. नाव आणि गाव पत्रलेखिकेच्या विनंतीवरून गाळलं आहे.)*

आदरणीय काकू,

मी गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावी शाळेत संगीत शिकवते. वय ४३. आमच्या हौशी संस्थेनं दिवाळीनंतर नवं संगीत नाटक बसवायला घेतलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली आणि परत सासरी जायला तयार नसलेली एक लेक, अशी गोष्ट. संहिता अध्यक्ष आप्पांची. पदं शेजारच्या गावच्या निवृत्त मास्तरांची, त्यातली निम्मी अहिराणीत. चौदा पदांच्या चाली माझ्या. त्यातल्या तीन आमच्याकडच्या झोक्याच्या गाण्यांवरून घेतलेल्या. पहिला प्रयोग आखाजीच्या आदल्या संध्याकाळी जळगावला ठरला होता. नऊ दिवस आधी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर आप्पांचा निरोप आला: ‘अपरिहार्य कारणास्तव प्रयोग रद्द. पुढील तारीख कळवण्यात येईल.’ मागाहून कळलं, की खर्चाचा मोठा वाटा उचलणाऱ्या रावेरकडच्या बागायतदारांची केळी वादळात आडवी झाली आणि त्यांनी हात वर केले.

मी म्हटलं, माझी सोन्याची पोत गहाण टाकते, पण प्रयोग करू. आप्पा नको म्हणाले. तेव्हा बैठकीत सगळ्यांसमोर मी त्यांना बोलले, ‘बालगंधर्वांनी पोटची मुलगी गेली त्या दिवशीसुद्धा प्रयोग केला, आणि तुम्ही पैशापायी नाटक मारलंत.’ तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. घरी पोतीचं कळल्यावर हे म्हणाले, ‘रद्द झालं ते बरंच झालं.’

आता धुळ्याची एक संस्था विचारते आहे, की राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागासाठी हे नाटक आम्हाला द्या. आप्पांनी परस्पर निरोप धाडला, की चाली संस्थेच्या आहेत, कुणाला द्यायच्या नाहीत. मला संस्थेकडून शाल-श्रीफळाशिवाय काही मिळालेलं नाही, कागदावर काही लिहून दिलेलंही नाही. राजीनामा द्यावा का? धुळ्याला चाली द्याव्यात का? नायिकेचं काम करणारी मुलगी एकवीस वर्षांची आहे. तिच्या वडिलांना मीच तयार केलं होतं. ती फोनवर एवढंच म्हणाली, ‘मॅडम, आते काय करानं?’ तिच्या घरी जायचं धाडस होत नाही. पेटी उघडावीशी वाटत नाही. मनात येतं, चालीच कच्च्या असतील, म्हणून तर कुणी जीव तोडून नाटक वाचवलं नाही.

आणि एक लहानसा प्रश्न. त्यातलं एखादं पद शाळेच्या मुलींकडून बसवून घेतलं तर चालेल का?

— एक संगीत शिक्षिका

---

प्रिय ताई,

पोत गहाण टाकू नका. बाकीचं सगळं मागाहून बोलू, हे आधी. जळगावच्या सराफ बाजारात ती ठेवायला अर्धा तास लागेल. सोडवायला किती वर्षं लागतील ते तुमच्या शाळेच्या पगाराला विचारा. आणि समजा प्रयोग झालाच असता, तर एकाच रात्रीत ते पैसे नाट्यगृहाचं भाडं, ध्वनी, प्रकाश, कपडेपट, टेम्पो आणि साथीदारांच्या बिदागीत गेले असते. दुसऱ्या प्रयोगाला पुन्हा तेवढेच लागले असते. गद्य नाटक पार्श्वसंगीत वाजवून निभावता येतं. संगीत नाटकाला ऑर्गन आणि तबला समोर जिवंत हवा, तोही नुसत्या प्रयोगाला नाही, शेवटच्या पंधरा-वीस तालमींना. तुमचा तबलजी जळगावहून येत असणार, आणि त्यानं प्रत्येक खेपेला हात हलवत परत जावं असं तुम्हीही म्हणणार नाही.

म्हणून, तुम्हाला राग येईल तरी सांगते: आप्पांनी प्रयोग रद्द केला ते बरोबर केलं. नऊ दिवस आधी केलं, हेही बरोबर. आदल्या रात्री केलं असतं तर संस्था कर्जात आणि माणसं एकमेकांच्या उरावर, असं झालं असतं. चुकली ती सांगण्याची रीत. पाच-सहा महिने रोज संध्याकाळी घरदार सोडून येणाऱ्या माणसांना दोन ओळींचा सरकारी निरोप पाठवायचा नसतो. सगळ्यांना बोलावून, चहा पाजून, तोंडानं सांगायचं असतं. पण मला तो निरोप वाचून उद्धट माणूस दिसला नाही, शरमलेला दिसला. स्वतः लिहिलेलं नाटक स्वतःच्या हातानं रद्द करायची वेळ ज्याच्यावर येते, तो ‘अपरिहार्य कारणास्तव’ असल्या शब्दांच्या आडच लपतो. आणि त्या बागायतदारांचं म्हणाल, तर ऐन कापणीला आलेला घड झाडासकट जमिनीवर पडलेला तुम्ही पाहिला आहे की नाही, मला माहीत नाही. वर्षभर पोसलेली बाग तासाभराच्या वाऱ्यात जाते. पंचनामा, विमा, पुढच्या लागवडीची रोपं, बँक, हे सगळं त्यांच्या डोक्यावर असताना ते नाटकाला पैसे देतील कुठून? त्यांच्यावर राग धरू नका. जमलं तर त्यांना एक पत्र टाका. जे व्हयनं ते व्हयनं, पण पुढच्या वर्षी हीच माणसं पुन्हा उभी राहायची असतील, तर यंदा कुणीतरी त्यांची विचारपूस केलेली असली पाहिजे.

आता ते बालगंधर्वांचं वाक्य. खानदेशात हे वाक्य जरा जास्तच फेकलं जातं. लहानपणी ते जळगावात होते, गाण्याचे धडे त्यांनी इथं घेतले, त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह शहरात आहे; त्यामुळे आपल्याला ते घरचेच वाटतात. १२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांचं मूल गेलं आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले, हे खरं. पण त्या रात्री त्यांच्यामागे किर्लोस्कर नाटक मंडळी होती, बिऱ्हाडासकट, पगारी नटांसकट, आणि समोर तिकीट काढून आलेला प्रेक्षक होता. दुःख त्यांचं होतं, खर्च त्यांचा नव्हता. तुमच्याकडे उलट झालं. गायला सगळे तयार होते, पैसा नव्हता. आणि याच बालगंधर्वांनी पुढे स्वतःच्या गंधर्व नाटक मंडळीचं कर्ज डोक्यावर घेऊन ते फेडण्यात वर्षानुवर्षं घालवली, ती गोष्ट मात्र बैठकीत कुणी काढत नाही. आप्पांना सगळ्यांदेखत असं बोलायला नको होतं. नाटक त्यांचंही गेलं आहे.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. नाटक पडलं असतं, तर निदान लोक काही बोलले असते. पहिल्या अंकात झोप आली, नायिका गोड गायली, तिसरं पद उगाच लांबलं, असं काहीतरी. त्यातून माणूस शिकतो, चिडतो, पुढे जातो. तुमच्या नाटकाबद्दल कुणीच काही बोललं नाही, कारण कुणी पाहिलंच नाही. मग ती रिकामी जागा तुम्ही स्वतःच भरून काढली, आणि निकाल दिला की चाली कच्च्या. ताई, चाली कच्च्या असत्या तर धुळेकरांनी मागितल्या नसत्या, आणि आप्पांनी त्या अशा घट्ट धरून ठेवल्या नसत्या. दोन संस्था ज्या वस्तूसाठी भांडतात, तिच्याबद्दल एवढं तरी मान्य करा.

आता भांडणाकडे येऊ, कारण इथं भावनेपेक्षा कायदा जास्त उपयोगी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चाल ही वेगळी कृती आहे आणि तिच्यावर बसवलेले शब्द ही वेगळी. चालीचा पहिला मालक ती रचणारा. नोकरीचं काम म्हणून रचली असेल तर गोष्ट निराळी, पण तुम्ही संस्थेच्या पगारी नोकर नाही, आणि शाळेनं काही हे काम सांगितलं नव्हतं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. शाल-श्रीफळानं चाल संस्थेची होत नाही. तालमी संस्थेच्या जागेत झाल्या, चहा संस्थेचा प्यायलात, म्हणूनही होत नाही. तेव्हा चाली तुमच्या. फक्त झोक्याच्या गाण्यांवरून घेतलेल्या त्या तीन चालींपुढे ‘पारंपरिक’ असं स्वच्छ लिहा; त्या आपल्या आज्या-पणज्यांच्या आहेत. तुम्ही केलेली त्यांची मांडणी तेवढी तुमची.

पण याच न्यायानं पदांचे शब्द मास्तरांचे आणि संहिता आप्पांची. इथं गाठ बसते. धुळेकर नाटक मागत आहेत. तुम्ही हो म्हटलंत तरी तुम्हाला फक्त चाली देता येतील. शब्दांसाठी मास्तरांची सही हवी, नाटकासाठी आप्पांची. लेखकाच्या संमतीपत्राशिवाय स्पर्धेत कुणी पाऊल टाकू देणार नाही. आणि आप्पा नाही म्हणून अडून बसले, तर त्यांच्या हाती राहतं एक गद्य नाटक, ज्यात दर दहा मिनिटांनी एक पात्र गायला तोंड उघडतं आणि गप्प बसतं. तुम्ही एकमेकांशी बोलत नसाल, पण एकमेकांवाचून तुमचं दोघांचंही काही चालत नाही.

म्हणून धुळ्याला उत्तर देण्याआधी आप्पांकडे जा. राजीनाम्याचा कागद घरी ठेवून जा, तो आज लिहायचा कागद नव्हेच. परवानगी मागायला जाऊ नका, वकिलीही करू नका. बैठकीत बोललात त्याबद्दल एक वाक्य बोला, एकच, रडत बसू नका. मग विचारा, की आप्पा, तुमच्या मनात हे नाटक पुन्हा कधी करायचं आहे का, आणि पैसे कुठून येतील? खरं उत्तर येईपर्यंत उठू नका. ‘पुढील तारीख कळवण्यात येईल’ या ओळीवर वीस माणसं अजून आपापले रविवार अडकवून बसली असतील. कुणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रातलं काम नाकारलं असेल, कुणी पुण्याच्या नोकरीला थांबा म्हणून कळवलं असेल. तारीख नसेल तर नाही म्हणून सांगा आणि माणसं मोकळी करा, हे तुम्ही दोघांनी मिळून करायचं आहे. त्याच बैठकीत विकलेल्या प्रवेशिकांचे पैसे कोण, कधी परत देणार, तेही ठरवून टाका. तुम्ही शाळेतल्या सहकाऱ्यांना प्रवेशिका दिल्या असतील, तर त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या. शिक्षकांच्या खोलीत अशी गोष्ट दुसऱ्याकडून कळली, की ती पुढे वर्षभर टोमण्यांत निघते.

आप्पांनी ‘आपणच करू, पण पुढच्या आखाजीला’ असं सांगितलं, आणि ते पैशाच्या हिशेबासकट सांगितलं, तर मी तुमच्या जागी थांबेन. हे नाटक आखाजीचंच आहे. आमरस, सांजोऱ्या, गौराई, लिंबाला बांधलेला झोका आणि ओसरीवर पत्ते कुटणारे पुरुष, हे सगळं माहीत असलेला प्रेक्षक खानदेशाबाहेर मिळणं कठीण. फक्त एप्रिल-मेच्या त्या उन्हात बंद नाट्यगृहाचा हट्ट कशाला, हा माझा आगाऊ प्रश्न. वातानुकूलन बिघडलं, की दुसऱ्या अंकात नायिका आणि प्रेक्षक दोघंही कोमेजतात. उघड्यावर, संध्याकाळी जरा लवकर सुरू करा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक उघड्यावर चालत नाही, हे धरून नाटक थोडं छाटावं लागेल. छाटा. चौदा पदं मलाही जास्त वाटतात.

आप्पांनी टोलवाटोलवी केली, तर धुळ्याचा रस्ता मोकळा आहे, पण तिथंही आप्पांची आणि मास्तरांची सही घेऊनच. कदाचित आप्पा स्वतः करणार नाहीत आणि दुसऱ्यालाही देणार नाहीत. अशी माणसं असतात. तसं झालं तर नाटक अडून राहील, पदं मात्र बाहेर जाऊ शकतील, म्हणजे मास्तरांच्या संमतीनं नुसती पदं तुम्ही कुणालाही देऊ शकता. काहीही द्या, एका कागदावर लिहून द्या: कोणती पदं, किती प्रयोगांसाठी, कोणत्या तारखेपर्यंत, हस्तपत्रिकेत नाव कसं छापायचं. मुदत लिहायला विसरलात तर कायदा ती पाच वर्षं धरतो, हे लक्षात असू द्या. ‘एकट्या तुम्हालाच’ असं काही त्यात लिहू नका. मूळ संहितेची प्रत, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र काढलं असेल तर त्याची झेरॉक्स, आणि तुमची स्वरलिपीची वही, तिन्ही आत्ताच घरी आणून ठेवा. हौशी संस्थेच्या कपाटाची किल्ली नेहमी गावाला गेलेल्या माणसाकडे असते.

मधल्या काळात एक करता येईल. संगीत रंगभूमीची सुरुवात आपण ३१ ऑक्टोबर १८८० पासून मोजतो. त्या दिवशी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ लावलं, पण सातही अंक लावले नव्हते, पहिले चारच लावले. बाकीचे नंतर आले. जेवढं बसलं होतं तेवढं त्यांनी लोकांपुढे ठेवलं. तुमच्याकडे पदं बसलेली आहेत, गळे तयार आहेत. पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या दालनात पाच-सहा पदं म्हणा. मध्ये गोष्ट जोडायला मास्तरांना बसवा. अहिराणी पदं लिहिणाऱ्या माणसाला गप्पा मारता येत नाहीत असं मी पाहिलेलं नाही. नेपथ्य नको, कपडेपट नको, तिकीट नको. तबलजीची बिदागी तेवढी जमवा. यजमानांना पहिल्या रांगेत बसवा. ते ‘बरंच झालं’ म्हणाले, ते पोत मोडण्याच्या भीतीनं म्हणाले असावेत, आणि त्या भीतीत मला काही वावगं दिसत नाही. पण गेले कित्येक महिने शेजारच्या खोलीतून तुकड्या-तुकड्यानं त्यांच्या कानावर काय पडत होतं, ते त्यांनी एकदा सलग ऐकायला हवं.

त्या मुलीकडे मात्र सभामंडपाची वाट न बघता या रविवारी जा. जाताना नव्या प्रयोगाचं आश्वासन बरोबर नेऊ नका. तिच्या वडिलांसमोर तीन गोष्टी सांगा: प्रयोग पैशासाठी रद्द झाला, हिच्या कामात काही उणं नव्हतं, आणि पुढे कधी होईल ते आज मला सांगता येत नाही. तिसरं सांगताना जीभ अडखळेल, तरी सांगा. गल्लीत तिला ‘नाटकवाली’ म्हणून कुणी चिडवत असेल, तर नाटक न होताच ते नाव तिला चिकटलं, हा जास्तीचा अन्याय आहे, आणि तो तुम्हाला कळतो एवढं जरी तिला समजलं तरी पुष्कळ झालं. मग गाण्याचं बोला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला असतात. त्यातली ‘प्रवेशिका’ ही परीक्षा झाली असेल तर तिला पुढच्या ‘मध्यमा’ परीक्षेला बसवा. वडिलांना परीक्षा हा शब्द नाटकापेक्षा सोपा वाटेल, आणि आठवड्यातून दोनदा ती तुमच्याकडे येईल, तेव्हा पेटी तुम्हाला उघडावीच लागेल.

शाळेच्या मुलींचं विचारलंत. अवश्य बसवा. मास्तरांना आधी फोन करा, ते नाही म्हणणार नाहीत. पद सुरू व्हायच्या आधी माइकवरून ‘शब्द मास्तरांचे’ असं नाव घेऊन सांगायला एखादी धीट मुलगी नेमा, आणि ‘चाल आमच्या मॅडमची’ हेही तिलाच म्हणू द्या.

तुमची,
काकू